विटंबना आणि वेळापत्रक

मुंबईच्या उपनगरी रेल्वेचा इतिहास आपल्याकडे बहुधा अभियंत्यांच्या कर्तबगारीचा, वाढत्या फेऱ्यांचा आणि वाढत्या गर्दीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. त्या इतिहासाच्या समासात एक प्रश्न कायम उभा आहे. रुळांवर माणूस मेला, तर पुढची गाडी केव्हा सोडायची? वरवर पाहता हा प्रश्न स्टेशनमास्तरच्या अखत्यारीतला. त्याचे उत्तर मात्र गेली जवळजवळ दोनशे वर्षे न्यायालये, रेल्वे कंपन्या, पोलीस आणि प्रवासी आपापल्या परीने देत आले आहेत. मृत माणसाविषयी एखाद्या समाजाची खरी धारणा काय आहे, हे या उत्तरांवरून जितके कळते तितके अंत्यविधीच्या पोथ्यांवरूनही कळत नसेल. प्रस्तुत लेखात या उत्तरांचा माग काढण्याचा आमचा विचार आहे.

हा प्रश्न रेल्वेइतकाच जुना आहे, आणि हे अलंकारिक विधान नाही. १५ सप्टेंबर १८३० रोजी इंग्लंडमध्ये लिव्हरपूल ते मँचेस्टर या लोहमार्गाचे उद्घाटन झाले. पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन समारंभाच्या गाडीत होते. वाटेत पार्कसाइड येथे इंजिनात पाणी भरण्यासाठी गाडी थांबली, तेव्हा खाली उतरू नये अशी सूचना असूनही काही पाहुणे उतरले. त्यांत लिव्हरपूलचे संसद सदस्य विल्यम हस्किसन होते. वेलिंग्टनशी त्यांचा बेबनाव होता. तो मिटवावा म्हणून ते पंतप्रधानांच्या डब्याकडे गेले, आणि तेवढ्यात शेजारच्या रुळावरून 'रॉकेट' हे इंजिन आले. डब्याच्या दाराला लटकून राहण्याचा हस्किसनांचा प्रयत्न फसला, दार बाहेर झुकले, ते रुळावर पडले आणि त्यांच्या पायाचा चेंदामेंदा झाला. जॉर्ज स्टीफन्सनने स्वतः दुसरे इंजिन हाकून त्यांना एकल्स गावी नेले. त्याच रात्री तेथील धर्मगुरूच्या घरी त्यांचा अंत झाला.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते यानंतरचे. समारंभ रद्द करून लिव्हरपूलला परत फिरावे, असे वेलिंग्टन आणि रॉबर्ट पील यांचे मत होते. मँचेस्टरच्या अधिकाऱ्यांनी त्याला विरोध केला. तेथे प्रचंड जमाव वाट पाहत उभा आहे, गाडी आलीच नाही तर तो आवरणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. अखेर मिरवणूक पुढे गेली, फक्त बँड बंद ठेवण्यात आला. जमाव खरोखरच बिथरलेला होता. मँचेस्टरला पोचल्यावर वेलिंग्टन डब्याबाहेरसुद्धा पडले नाहीत. रुळावरच्या मृत्यूसंबंधी पुढे जे जे बोलले गेले, त्याचा सगळा नमुना या एका दुपारी तयार झालेला दिसतो. जमावाची भीती खरी असते आणि ती सोयीचीही असते. गाडी पुढे जाते. शोक म्हणून काहीतरी लहानसे बंद ठेवले जाते.

हस्किसन मोठे गृहस्थ होते, म्हणून निदान वाद तरी झाला. ११ वर्षांनी, १८४१ सालच्या नाताळाच्या आदल्या दिवशी, सॉनिंग येथे दरड कोसळून एका मालगाडीला अपघात झाला. तिच्या उघड्या वाघिणींत लंडनच्या संसदभवनाच्या बांधकामावरचे पाथरवट होते. ते सणासाठी घरी निघाले होते. ९ जण मेले. तपासणाऱ्या ज्युरीने इंजिन आणि वाघिणींवर १,००० पौंडांचा 'डिओडँड' ठरवला. हा मध्ययुगीन इंग्रजी कायद्यातला चमत्कारिक दंड होता. जी वस्तू हलली आणि माणूस मेला, ती वस्तू किंवा तिची किंमत देवाच्या नावाने राजाकडे जमा होई. मग तो बैल असो, गाडीचे चाक असो की विहिरीचा रहाट. वस्तूलाही मृत्यूचा डाग लागतो, ही त्यामागची समजूत. रेल्वे कंपन्यांना ती परवडणारी नव्हती. १८४६ साली ब्रिटिश संसदेने डिओडँड रद्द केला आणि त्याच वर्षी मृताच्या कुटुंबाला नुकसानभरपाई मागण्याचा हक्क देणारा कायदा केला. त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानात १८५५ साली आला. म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी.

हा बदल पुरोगामी होता यात शंका नाही. विधवेला आणि मुलांना पैसे मिळणे हे राजाच्या तिजोरीत भर पडण्यापेक्षा केव्हाही बरे. तथापि त्यात एक गोष्ट निसटली. डिओडँडच्या कल्पनेत मृत्यूच्या क्षणाशी इंजिनाचा संबंध होता, ते त्या क्षणी थबकत होते. नव्या कायद्याने मृत्यूचा हिशेब पुढे, न्यायालयात, कागदावर होणार होता. इंजिन मोकळे झाले.

१६ एप्रिल १८५३ रोजी ४०० पाहुण्यांना घेऊन १४ डब्यांची गाडी बोरीबंदरहून सुटली, तेव्हा आपल्या लोकांनी या यंत्राला 'चाक्या म्हसोबा' म्हटल्याचे सांगतात. या नावाकडे अडाणी लोकांची भाबडी कल्पना म्हणून पाहण्याची सवय आपल्याला इंग्रजी शिक्षणाने लावली. म्हसोबा हा शिवेवरचा, कडक, बळी घेणारा देव. त्याच्या वाटेत उभे राहू नये, आणि राहिलेच तर काय होईल हे ठाऊक असावे. बघ्यांनी इंजिनाचे वर्णन केले नव्हते, त्याच्याशी कसे वागावे लागेल हे ओळखले होते. नवा देव आला, पण त्याच्याभोवतीचे विधी मात्र आले नाहीत, ही आमच्या मते या इतिहासातली खरी अडचण आहे.

ती नीट समजण्यासाठी थोडे गावगाड्यात डोकवावे लागते. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीची जी तपशीलवार माहिती आहे, ती वाचताना जाणवते की मृत्यूशी संबंधित प्रत्येक काम गावात कोणाच्या तरी माथी मारलेले होते. मेलेली गुरे ओढायची, मर्तिकाची वार्ता परगावी पोचवायची, ही कामे महारांकडे होती. ती व्यवस्था अन्यायाची होती. हे काम ज्यांच्याकडून करून घेतले जाई त्यांनाच अपवित्र ठरवणे हा तिचा पाया होता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले, ते या वेठीतून माणसे सोडवण्यासाठी. त्या व्यवस्थेची आठवण हळहळीने काढावी असे आमचे मुळीच म्हणणे नाही. म्हणणे इतकेच की गावाला निदान हे काम कोणाचे आहे हे माहीत होते. रेल्वेने सिग्नल देणारा, सांधा बदलणारा, रूळ तपासणारा, तिकीट तपासणारा अशी शेकडो पदे निर्माण केली, त्यांना गणवेश आणि पगार दिला. रुळावरचा मृतदेह सन्मानाने उचलून नेणे, हे पद मात्र तिने निर्माण केले नाही. परिणामी ते काम पुन्हा उतरंडीच्या तळाशीच गेले. मुंबईच्या स्टेशनांवर कित्येक वर्षे हमाल, सफाई कामगार, फलाटावर राहणारी गर्दुल्ली पोरे चार पैशांसाठी स्ट्रेचर उचलत आली आहेत. जातीची सक्ती गेली, आणि तिच्या जागी आली ती दारिद्र्याची सक्ती.

आरंभीच्या मुंबईत मृत्यूची चौकशी दोन तऱ्हांनी होई. शहराच्या हद्दीत १८७१ च्या कायद्याखाली कॉरोनर होता. अपघाती वा संशयास्पद मृत्यू झाला की तो चौकशी करी. हद्दीबाहेर पोलीस आणि पंच. कॉरोनरची ही संस्था मुंबईत विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. पंचनामा राहिला. १८९८ च्या, मग १९७३ च्या फौजदारी संहितेचे कलम १७४ आणि १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४, एवढाच त्याचा प्रवास. मजकुरात फार फरक नाही.

दरम्यान गाड्या बदलल्या. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेची पहिली गाडी धावली. विजेच्या गाडीचा वेग चटकन वाढतो आणि ती चटकन थांबते, म्हणून एकामागोमाग गाड्या सोडता येऊ लागल्या. हीच सोय पुढे या शहराची सक्ती झाली. आज मुंबईत रोज ३,००० हून अधिक फेऱ्या होतात आणि ७० लाखांच्या आसपास लोक प्रवास करतात. गर्दीच्या वेळी एका मार्गावर दोन गाड्यांत तीन-चार मिनिटांचे अंतर असते. एक गाडी दहा मिनिटे थांबली की तिच्या मागे तीन गाड्या उभ्या राहतात, आणि त्या प्रत्येकीत काही हजार माणसे उभी असतात.

या ठिकाणी वेळापत्रकाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण साहित्याच्या लोकांना तिची टिंगल करण्याची खोड असते. दोन स्टेशनांच्या मध्ये अडकलेल्या लोकलमध्ये गुदमरणारे लोक असतात, गरोदर बाया असतात, परीक्षेला निघालेली मुले असतात. काही वेळाने लोक उड्या मारून उतरतात आणि रुळांतून चालू लागतात. शेजारच्या मार्गावर गाड्या चालूच असतात. एका मृत्यूसाठी थांबवलेली गाडी अशा रीतीने दुसऱ्या मृत्यूला निमंत्रण देते. मँचेस्टरच्या अधिकाऱ्यांना जमावापासून भीती वाटत होती. मुंबईत भीती जमावासाठी वाटायला हवी. म्हणून, मृतास मान द्यायचा तर गाड्या तासभर थांबवाव्यात, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

आणखी एक गोष्ट. रुळावर पडलेला माणूस मेला आहे, हे ठरवायचे कोणी? मोटरमनने नव्हे, स्टेशनमास्तरने नव्हे, शिपायानेही नव्हे. डॉक्टरने तपासून सांगेपर्यंत तो जखमीच समजायचा असतो. परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली निकाल दिला, की जखमीवर उपचार आधी आणि पोलिसी सोपस्कार नंतर. तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत घाई करणे आणि माणसाची कदर करणे यांत विरोध नाहीच, दोन्ही एकाच बाजूला आहेत. विरोध पुढे सुरू होतो.

प्रत्यक्षात काय घडते? मोटरमन गाडी थांबवतो, गार्डला (२०२२ पासून त्याचे नाव 'ट्रेन मॅनेजर' झाले आहे) आणि पुढच्या स्टेशनला कळवतो. स्टेशनमास्तर लोहमार्ग पोलिसांना लेखी कळवतो. या चिठोऱ्याला सगळे 'मेमो' म्हणतात. हमाल स्ट्रेचर घेऊन निघतात. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात देह उचलला जातो आणि पंचनामा बहुधा फलाटावर वा स्टेशनजवळ होतो. त्या माणसाला ज्याने शेवटचे जिवंत पाहिले, तो मोटरमन तीच गाडी घेऊन पुढे जातो. या साऱ्यात गाडीचा प्रत्येक क्षण कोणाच्या तरी नोंदवहीत आहे. किती वाजता थांबली, किती वाजता सुटली, किती फेऱ्या रद्द झाल्या, याला जाब विचारणारा अधिकारी आहे. देहावर चादर केव्हा पडली, पडली का, याची नोंद कोणत्याही रकान्यात नसते. मिनिटांना मालक आहे आणि देहाला नाही, असे जे आम्हांला म्हणायचे आहे ते हेच.

भाषेचे अभ्यासक म्हणून आम्ही येथे शब्दांकडे वळतो. 'मृताची प्रतिष्ठा' हा शब्दप्रयोग मराठीत परका वाटतो. तो कायद्याच्या भाषांतरातून आला आहे. पण प्रतिष्ठेचा भंग सांगणारा शब्द आपल्याकडे जुना, नेमका आणि रोजच्या वापरातला आहे : विटंबना. प्रेताची विटंबना होऊ नये, हे कोणत्याही मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. विटंबना म्हणजे काय याची त्याची कल्पनाही स्पष्ट असते. उघडे पडलेले प्रेत, बघ्यांची गर्दी, कोणी हात न लावणे, कोणी ओळख न सांगणे. या यादीत 'गाडी लवकर सुटली' हे कोठेच नाही. वेळापत्रक आणि प्रतिष्ठा यांचा तोल साधण्याची भाषा आपण उसनी घेतली, आणि विटंबना टाळण्याची स्वतःची भाषा सोडली.

रेल्वेची भाषा याहून निराळी. तिच्यात मेलेल्या माणसाच्या दोनच जाती आहेत : प्रवासी आणि घुसखोर. डब्यातून पडला तो प्रवासी. रूळ ओलांडताना सापडला तो घुसखोर, कारण रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा १८९० च्या कायद्यातही गुन्हा होता आणि १९८९ च्या कायद्याच्या कलम १४७ खालीही आहे. १९९४ साली १८९० च्या वारसदार कायद्यात कलम १२४अ घालण्यात आले, आणि गाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशाच्या वारसांना रेल्वेची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळू लागली. घुसखोराच्या वारसांना ही वाट नाही. आता मुंबईचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. मार्ग दक्षिणोत्तर जातात आणि प्रत्येक उपनगराचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे करतात. शाळा एकीकडे, बाजार दुसरीकडे. पूल लांब, अरुंद, कधी नसलेला. रुळांलगत झोपड्या. २००२ नंतरच्या नागरी वाहतूक प्रकल्पात त्यांतली हजारो कुटुंबे हलवण्यात आली. तोवर तेथील गाड्यांना वेग कमी ठेवावा लागे. आपल्याच परसातून जाणाऱ्या बाईला हा कायदा घुसखोर म्हणतो.

या संज्ञेचा आकडा केवढा आहे, हे डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने २०१२ साली सांगितले. देशभरात रुळांवर घुसखोर म्हणून वर्षाला सुमारे १५,००० माणसे मरतात आणि त्यांपैकी सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. समितीने या प्रकाराला कत्तल म्हटले, आणि कोणताही सुसंस्कृत समाज हे सहन करणार नाही, असा अभिप्राय दिला. सरकारी अहवालात असा शब्द क्वचितच येतो. पुढे पूल झाले, कुंपणे झाली, फलाटांची उंची वाढली आणि संख्या उतरली. तरी २०२३ साली मुंबईच्या मार्गांवर २,५९० माणसे मेली. उतरलेल्या आकड्याचे समाधान मानावे, तर तो दिवसाला सात होतो.

पोलिसांची भाषा आणखी वेगळी, आणि तिच्याविषयी आमच्या मनात थोडा आदर आहे. अनोळखी इसम, वय अंदाजे अमुक ते अमुक, रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात अमुक रंगाचा शर्ट, नेसणीस अमुक, हातावर गोंदलेले नाव. हे गद्य रुक्ष आहे, पण ते माणसाकडे पाहून लिहिलेले आहे. जिवंतपणी ज्याच्याकडे कोणी निरखून पाहिले नसेल, त्याच्या मनगटावरचा तीळसुद्धा येथे कोणी तरी टिपतो. लोहमार्ग पोलिसांच्या ठाण्यांबाहेर अशा अनोळखींची छायाचित्रे लावलेली असत. पुढे पोलिसांनी 'शोध' नावाचे संकेतस्थळही सुरू केले. फलकावरची ती छायाचित्रे पाहवत नाहीत, आणि ती लावणे हीच विटंबना आहे असे म्हणणारेही भेटतात. आम्हांला तसे वाटत नाही. 'बेवारस' या शब्दाचा अर्थ वारस नसलेला. यांतल्या बहुतेकांना वारस असतात, ते फक्त बिहारमध्ये, कोकणात, मराठवाड्यात कोठे तरी फोनची वाट पाहत असतात.

तिसरी भाषा आपली, म्हणजे प्रवाशांची. पहिल्या तासाला निम्मा वर्ग रिकामा असतो, आणि उशिरा आलेला विद्यार्थी दारातूनच सांगतो, 'कोणीतरी गाडीखाली आलं.' आम्ही मान डोलावतो आणि हजेरी लावतो. 'कोणीतरी' हे सर्वनाम आणि 'आलं' हे नपुंसकलिंगी क्रियापद. व्याकरणाने एवढे अंतर राखले नसते तर या शहरात कोणालाच कामाला जाता आले नसते. फलाटावरच्या उद्घोषणेत तर मृत्यूचा उल्लेखही नसतो. गाड्या काही कारणाने उशिरा धावत आहेत आणि असुविधेबद्दल खेद आहे, इतकेच. खेद कशाबद्दल, याची अशी अदलाबदल रोज ऐकून आपल्या कानांना खटकेनाशी झाली आहे.

साहित्यात या क्षणाकडे सर्वांत बारकाईने पाहिले ते टॉलस्टॉयने. १८७२ साली त्याच्या शेजारच्या जमीनदाराकडील एका स्त्रीने रेल्वेखाली जीव दिला आणि टॉलस्टॉय तिचा देह पाहायला गेला होता, हे सर्वश्रुत आहे. 'अ‍ॅना कॅरेनिना'चा शेवट सर्वांना आठवतो, पण आमच्या विषयाला आरंभ अधिक जवळचा. मॉस्कोच्या स्टेशनवर एक रेल्वे कामगार गाडीखाली सापडतो. लोक धावतात, चर्चा करतात, त्याच्या बायकोचे काय होणार म्हणतात. व्रॉन्स्की तिच्यासाठी २०० रूबल देतो. देण्यामागे दया किती आणि अ‍ॅनाच्या नजरेत भरण्याची इच्छा किती, हे टॉलस्टॉय मोकळे ठेवतो. पैसे दिले गेले आणि देहाकडेही पाहिले गेले, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जुळला नाही. १८४६ च्या कायद्याने जे वेगळे केले होते, ते कादंबरीतही वेगळेच राहिले.

न्यायालयांनी ते जोडण्याचा प्रयत्न अलीकडे केला आहे. वर उल्लेख आलेले कटारा १९९५ साली पुन्हा सर्वोच्च न्यायालयात होते. या वेळी प्रश्न फाशी दिलेला देह किती वेळ लटकत ठेवावा, असा होता. घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातली प्रतिष्ठा जिवंत माणसापुरती नाही, ती त्याच्या देहालाही आहे, हे तत्त्व त्या निकालात आले. पुढे २००२ साली बेघरांच्या अंत्यविधीबाबत न्यायालयाने त्याचाच आधार घेतला. देह आणि घड्याळ यांचा संबंध आपल्या घटनात्मक कायद्यात प्रथम तुरुंगाच्या फाशीघरातून आला, ही योगायोगाची गोष्ट असली तरी विचार करण्याजोगी आहे. रुळांपर्यंत ते तत्त्व अद्याप धड पोचलेले नाही.

परदेशांकडे पाहावे तर उत्तरे निरनिराळी. ब्रिटनच्या रेल्वे पोलिसांनी संशयास्पद नसलेल्या मृत्यूनंतर सुमारे ९० मिनिटांत मार्ग मोकळा करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. कॅलिफोर्नियात कॉरोनरच्या परवानगीवाचून देह हलवता येत नाही, म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपनगरी गाड्या, ज्यांत आता मराठी अभियंतेही कमी नसतात, तास दीड तास उभ्या राहतात. जपानमध्ये खोळंब्याचा खर्च मृताच्या कुटुंबाकडून मागण्याची पद्धत होती. २००७ साली स्मृतिभ्रंश झालेला एक ९१ वर्षांचा वृद्ध गाडीखाली गेला. रेल्वे कंपनीने त्याच्या कुटुंबावर दावा लावला, आणि कुटुंब जबाबदार नाही असा अंतिम निकाल यायला २०१६ साल उजाडले. तेव्हा थांबण्याच्या मिनिटांवरून सुसंस्कृतपणा मोजता येईल असे आम्हांला वाटत नाही.

मुंबईत जे हवे ते फार खर्चाचे नाही, म्हणूनच ते होत नाही की काय अशी शंका येते. प्रत्येक स्टेशनवर स्वच्छ स्ट्रेचर आणि चादरी. ते उचलण्यासाठी प्रशिक्षित, हातमोजे घातलेला, पगारी माणूस, ज्याच्या पदाला नाव आहे आणि ज्याला हे काम जातीमुळे वा भुकेमुळे करावे लागत नाही. ज्याच्या गाडीखाली माणूस गेला त्या मोटरमनला पुढच्या स्टेशनवर उतरवून घेणारा बदली मोटरमन. आणि उद्घोषणेत एक खरे वाक्य. ही मागणी गाडी थांबवण्याची नाही. गाडी चार मिनिटांनी सुटावी, पण त्या चार मिनिटांत देहाचा विचार करणे ही कोणाची तरी नोकरी असावी, इतकेच.

वडाळ्याजवळ २०१० च्या सुमारास झालेला एक प्रयोग या संदर्भात आठवतो. रूळ ओलांडण्याच्या जागी एका माणसाच्या चेहऱ्याची छायाचित्रे लावण्यात आली. गाडी अंगावर येताना त्याच्या डोळ्यांत उमटलेली भीती, तीन चौकटींत. काही स्लीपर पिवळे रंगवले, जेणेकरून गाडीच्या वेगाचा अंदाज यावा. वर्षानुवर्षे कायद्याची कलमे लिहिलेल्या पाट्यांकडे न पाहणारे लोक त्या चेहऱ्यापाशी थबकू लागले. घुसखोर या शब्दाला चेहरा नव्हता. छायाचित्राने तो दिला.

९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर दोन भरगच्च लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्यांपैकी ४ जण त्याच दिवशी दगावले. बिनवातानुकूलित गाड्यांनाही आपोआप बंद होणारी दारे लावण्याची घोषणा झाली. हे मृत प्रवासी होते, घुसखोर नव्हते. म्हणून चर्चा झाली.

प्रवासी होते हे सिद्ध कसे होते? दाराशी उभे राहणे हा निष्काळजीपणा असला तरी तो वारसांचा हक्क बुडवणारा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जमीला खटल्यात २०१० साली सांगितले. मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असे धरता येणार नाही, हे रीना देवी खटल्यात २०१८ साली सांगितले. वारसाने प्रतिज्ञापत्र करावे, मग उलट सिद्ध करण्याची जबाबदारी रेल्वेची. त्याच निकालात असेही आहे की रेल्वेच्या हद्दीत नुसता देह सापडणे पुरेसे नाही. म्हणून आजही पंचनाम्यातली 'अंगझडतीत मिळालेल्या वस्तू' ही ओळ घरची माणसे सर्वांत आधी वाचतात. पाकीट, किल्ल्या, रुमाल, पास असल्यास पासाचा क्रमांक. हल्ली तिकीट पुष्कळदा मोबाइलमध्ये असते, आणि मोबाइल फुटलेला असतो.